रणपिसे मॅडमचा अंधार

रणपिसे मॅडमच्या खोलीत खुर्ची होती, पण तिच्यावर कायम एक बिघडलेला व्हॅक्यूम पंप ठेवलेला असायचा. भेटायला आलेला माणूस दारात घुटमळायचा. मॅडम म्हणायच्या, "बसायचं असेल तर कँटीनमध्ये जाऊ. इथे काम चालतं." कँटीनमध्येही त्या बसत नसत. पोळीभाजीची सुरळी हातात धरून काउंटरपासून बेसिनपर्यंत येरझाऱ्या घालत जेवायच्या, आणि बोलणाऱ्यालाही त्यांच्याबरोबर चालावं लागायचं. सुरुवातीला मी त्यांच्याकडून जे शिकले ते बहुतेक असंच, चालताचालता, अर्धवट ऐकू आलेलं.

त्या जाऊन वर्ष होत आलं. संस्थेने त्यांच्यावर इंग्रजीत एक पान छापलं. शिक्षण, पदं, प्रकल्प, सगळं त्यात आहे. ते पान मीच टाइप केलं, आणि वाचताना लक्षात आलं की त्यात मॅडम एकदाही हलत नाहीत. म्हणून हे मराठीत लिहिते आहे. शाळेत मराठी ही माझी तिसरी भाषा होती. मॅडम मला "कर्वेनगरची मेमसाहेब" म्हणायच्या. "मेमसाहेब, जरा तो पाना द्या." मला राग यायचा, पण तो दाखवण्याइतकी मी त्या दिवसांत बोलत नव्हते.

आमचं काम समजायला अवघड नाही, पटायला अवघड आहे. प्रत्येक वस्तू तिच्या उबेमुळे एक प्रकारचा प्रकाश सोडत असते. तो अवरक्त प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही. ताऱ्याभोवतीची धूळही तो सोडते आणि तीच आम्हाला पाहायची असते. पण जमिनीवरून पाहायचं तर दुर्बीणही उबदार, वरची हवाही उबदार, कॅमेऱ्याची स्वतःची भिंतही उबदार. सगळंच चमकतं. म्हणून कॅमेरा एका निर्वात भांड्यात बसवून उणे दोनशे अंशांपर्यंत आणि त्याच्याही खाली गार करायचा, म्हणजे निदान तो स्वतः तरी चमकणार नाही. या भांड्याला क्रायोस्टॅट म्हणतात. आमच्याकडे नुसतं भांडं म्हणायचे. सकाळी लिफ्टमध्ये भेटलेली माणसं एकमेकांना "गार झालं का भांडं?" असं विचारायची.

एकदा निधी देणाऱ्या खात्याचे एक अधिकारी पाहणीला आले होते. मॅडमनी त्यांना सांगितलं, "साहेब, भर दुपारी तारा बघायचा, आणि तोही पेटलेल्या दुर्बिणीतून. असं आहे हे काम."

"मग रात्री का नाही बघत?"

"रात्रीही ती पेटलेलीच असते."

"मग विझवा की, मॅडम."

"तोच तर अर्ज केलाय तुमच्याकडे."

माझ्या पहिल्या दिवशी त्या हातात धरायचा एक साधा उष्णता-कॅमेरा घेऊन प्रयोगशाळेत फिरत होत्या. भिंतीवर, दारावर, लोकांच्या पाठीवर तो रोखत होत्या. मी कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत उभी होते. नव्या जागी मी अशी जागा आधी शोधते. पडद्याकडे पाहत मॅडम माझ्यासमोर येऊन थांबल्या आणि पडदा माझ्याकडे फिरवला. काळ्या कपाटाशेजारी एक पांढरीशुभ्र आकृती होती, चेहरा नसलेली, नुसती धगधगणारी.

"कोपऱ्यात उभं राहून काही उपयोग नाही," त्या म्हणाल्या. "या खोलीत भांडं सोडलं तर लपता येणारं कुणी नाही. नाव काय तुझं?"

मी ईशा म्हणून सांगितलं. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे, त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या होत्या.

"कोण तापलंय?" हे त्यांचं पालुपद. चाचणीत अनपेक्षित उजेड दिसला की त्या आधी हेच विचारायच्या, माणसाबद्दल विचारावं तसं. मग ते सगळीकडे पसरलं. मीटिंगमध्ये कुणी गप्प झालं, कुणी दार आपटलं, की मॅडम कागदावरून नजर न काढता म्हणायच्या, "कोण तापलंय?" पुष्कळदा त्या स्वतःच असायच्या. त्यांना समोरच्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत दम नसे. फोन वाजला की उचलण्याआधीच "हो, बोल" म्हणायच्या. स्कूटरवरून विश्रांतवाडीहून यायच्या आणि हेल्मेट काढायच्या आत दोन कामं सांगून मोकळ्या व्हायच्या, त्यामुळे सकाळची पहिली दोन कामं आम्हाला नेहमी चुकीची ऐकू यायची.

त्यांचे वडील सरकारी कारखान्यात कामाला होते. आजोबांनी बुद्धधम्म स्वीकारला तेव्हापासून घरात देव नव्हते, पुस्तकं होती, असं त्यांनी एकदा सांगितलं, तेही पाइपची गळती शोधताना. एका निवृत्त प्राध्यापकांनी चहाच्या वेळी फार गोड आवाजात त्यांना विचारलं होतं, "रणपिसे म्हणजे आपण मूळच्या कुठल्या?"

"विश्रांतवाडीच्या."

"नाही, म्हणजे त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी कॅनरा बँकेच्या स्टॉपवर उतरायचो. आता मेट्रोमुळे स्टॉप हलवलाय."

प्राध्यापकांनी चहा संपवला. मॅडम पुढे निघाल्यासुद्धा होत्या.

आता त्या कॅमेऱ्याबद्दल. मॅडमनी उभ्या आयुष्यात दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांसाठी भाग बनवले होते, परदेशातल्या मोठ्या दुर्बिणींसाठीसुद्धा. पण पहिल्या रेषेपासून स्वतः आखलेला असा हा एकच. तो लडाखमधल्या एका डोंगरावरच्या दुर्बिणीला लागायचा होता. दिवाळीनंतरच्या निरभ्र आठवड्यांत आम्हाला वेळ मिळाला होता, आणि पुढच्या मार्चमध्ये मॅडम निवृत्त होणार होत्या. म्हणजे आपल्या कॅमेऱ्यातून आकाश पाहायची त्यांना ही एकच संधी. हे त्या बोलून दाखवत नसत. पण भर ऑक्टोबरच्या उकाड्यात त्या बर्फात घालायचे जाडजूड बूट घालून प्रयोगशाळेत यायला लागल्या. "पायाला सवय व्हायला पाहिजे," म्हणाल्या. कॉरिडॉरमध्ये ते बूट दणदण वाजायचे. त्यांच्या येण्याची आम्हाला वर्दी मिळायला लागली, हा एक फायदा.

भांड्याची जोडणी खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी ठरली होती. खंडेनवमीला आमच्या वर्कशॉपमध्ये पूजा असते. लेथ, मिलिंग मशीन, करवती धुऊनपुसून त्यांना हळदकुंकू, झेंडू. वर्कशॉपचे प्रमुख तुपे हडपसरकडचे. त्यांच्या शेताची सोसायटी झाली तरी बोलणं गावचंच राहिलं. मॅडम दरवर्षी पूजेला यायच्या. हात जोडायच्या नाहीत, पेढा खायच्या आणि लेथवर कुठे गंज दिसतोय ते सांगून जायच्या. त्या वर्षी तुपे म्हणाले, "मॅडम, कॅमेऱ्याचे भाग बी मांडू का टेबलावर? लांब जायचाय तो."

"मांडा. पिशवीतून काढायचे नाहीत. बाहेरच्या भांड्याला काय ते लावा."

"बाहीरनंच लावतो की."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सगळे भाग स्वतःच्या हातांनी बसवले. जोडणीच्या वेळी त्या कुणाला जवळ येऊ देत नसत. भाग आधीच साफ करून पिशव्यांत बंद केलेले होते, आणि साफ केलेला भाग पुन्हा पुसायचा नाही, प्रत्येक पुसण्याने एखादा तंतू मागे राहतो, असा त्यांचाच नियम होता. भांडं बंद झालं, हवा काढली, गार करायला ठेवलं.

गार झाल्यावर पहिलं चित्र घेतलं तर खालच्या डाव्या कोपऱ्यात चंद्रकोर. फिकट, पण स्पष्ट. मॅडमनी स्टीलच्या एका रुंद बादलीत द्रव नायट्रोजन ओतला आणि ती कॅमेऱ्याच्या खिडकीखाली धरायला लावली. त्या बादलीला त्या "अंधाराची बादली" म्हणायच्या. इतक्या गार वस्तूकडे पाहताना कॅमेऱ्याला काहीच दिसायला नको. बाकी सगळं चित्र काळं झालं. चंद्रकोर तिथेच होती.

"म्हणजे आत आहे," मॅडम म्हणाल्या. या वेळी त्यांनी कोण तापलंय असं विचारलं नाही.

चंद्रकोर सकाळी मंद असायची, दुपारी उजळायची. खिडकीच्या आत एक नळकांडं असतं, आतून काळं रंगवलेलं. आडून येणारा उजेड अडवायला. ते नीट गार होत नसावं, असा मॅडमचा अंदाज होता. त्याच्यावर तापमापक नव्हता. तार म्हणजे उष्णतेला रस्ता, असं म्हणून तो त्यांनीच काढायला लावला होता. आता खात्री करायची तर भांडं उघडायचं. उघडायचं म्हणजे आधी सावकाश कोमट होऊ द्यायचं, मग पुन्हा जोडणी, पुन्हा हवा काढणं, पुन्हा गार करणं. तोपर्यंत डोंगरावरची आमची वेळ निघून जाणार.

संचालक आपटे सरांनी मीटिंग बोलावली. मी टिपणं घ्यायला होते.

"अहो मॅडम, एक कोपरा आहे फक्त," सर म्हणाले. "तसंही आपण दोन चित्रं घेऊन एकातून दुसरं वजा करतोच. त्यात ही कोरही जाईल. सॉफ्टवेअरवाली मुलं बसलीयेत ना."

"उजेड वजा करता येतो, सर. त्याची थरथर वजा करता येत नाही."

"म्हणजे काय?"

"दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी लक्ष्मी रोडवर उभं राहून फोनवर बोलून बघा. गर्दीचा सरासरी आवाज किती, ते मी तुम्हाला लिहून देते. तो वजा करा. पलीकडचं माणूस काय बोललं ते ऐकू येईल का?"

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मार्चमध्ये तुम्ही निवृत्त होताय. मुदतवाढ मिळणार नाही, मी विचारून पाहिलंय. पुढच्या हंगामात तुम्ही बाहेरच्या. बाहेरच्या माणसाला मला डोंगरावर पाठवता येणार नाही. मी तुमच्यासाठी म्हणतोय."

"माहितीये मला."

"तारा दिसेल की नाही या कॅमेऱ्यातून? आत्ता आहे तसा?"

"दिसेल. ठळक तारे सगळे दिसतील. फोटो छान येईल, पेपरात छापता येईल." मॅडम उठून खिडकीशी गेल्या, परत आल्या. "धूळ दिसणार नाही. धुळीसाठी बनवलाय तो."

"मग तुमचा निर्णय काय?"

त्या बाहेर गेल्या. बुटांचा आवाज जिन्यावरून खाली गेला आणि मग स्कूटर सुरू झाल्याचं ऐकू आलं. आम्ही सगळे तसेच बसून राहिलो. सरांनी चहा मागवला. चहा येऊन गार झाला तरी त्या आल्या नाहीत, त्या दिवशी आल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत होते आणि मॅडम माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या तरी मला कळलं नाही. त्यांच्या पायांत नेहमीच्या चपला होत्या.

"भांड्याचा कूलर बंद कर," त्या म्हणाल्या. "कोमट होऊ दे."

भांडं उघडलं तेव्हा आपटे सरही आले होते. मॅडमनी स्क्रू काढले, नळकांडं उचललं आणि उलटं केलं. तळाच्या कड्यावर, जिथे ते खालच्या गार पट्टीला घट्ट चिकटायला हवं होतं, तिथे हळदीच्या पिवळ्या डागात कुंकवाचं एक बोट होतं. दाबून वाळून पापुद्रा झालेलं. कुंकवाच्या त्या कणांनी दोन धातूंमध्ये केसाएवढी फट ठेवली होती, आणि निर्वातात तेवढी फट पुरते. खालचा गारवा वर पोचत नव्हता.

 तुपे दारात उभे होते. त्यांनी टोपी काढली.

"मीच लावलं, मॅडम. पिशवी उघडू नका म्हनला व्हता तुमी. पर पोरं बाहीरच्या भांड्याला लावत व्हती, मला वाटलं, काम करनार तर हा आतला हाय. त्याला न्हाई लावायचं? बाहीरनं चकचकीत, तिथं बोट नको. आतनं काळं, तिथं बी नको. म्हनून खाली लावलं. खाली काय रंग नव्हता, कुनाला दिसनार न्हाई म्हनलं."

"अहो तुपे," मॅडम म्हणाल्या, "अख्ख्या भांड्यात हात लावू नये अशी खरी जागा ही एकच होती. बरोबर शोधलीत."

 आपटे सर म्हणाले, "आता अहवालात हे कसं लिहायचं? म्हणजे हे श्रद्धेचं वगैरे..."

"त्यात काय आहे? सांध्यात कचरा राहिला. जोडणी रणपिसे यांनी केली, बसवण्याआधी तळ उलटून पाहिला नाही. एवढंच झालंय."

"पण लावलं तर..."

"भांडं मी बंद केलंय, सर."

जिन्यात एक सहकारी मला हळूच म्हणाला, "मॅडमना आतून बरंच वाटलं असेल. आता पूजा बंद करायला कारण मिळालं."  पण निवृत्त होण्याच्या आठवड्यात मॅडम वर्कशॉपमध्ये गेल्या तेव्हा मी बरोबर होते. तुपे त्यांना पाहून आतल्या खोलीकडे वळत होते. ते कित्येक महिने असंच करत होते. मॅडमनी त्यांना लेथपाशी गाठलं.

"यंदा पूजा जोडणीच्या नंतर ठेवा. भांडं बंद झाल्यावर. मग काय झेंडू घालायचे ते घाला."

"आमी ठरवलंय मॅडम, यंदा नको पूजा."

"ते तुम्ही आणि तुमचा देव बघा. मी फक्त वेळापत्रक सांगतेय." आणि लेथच्या पट्ट्यावर बोट फिरवून, "हे काय, गंज आहे इथे," म्हणून त्या बाहेर पडल्या. निरोपसमारंभाला त्या भाषण संपायच्या आत दारापाशी पोचल्या होत्या. त्यांना दिलेली शाल आणि नारळ मी पळत जाऊन स्कूटरच्या डिकीत ठेवला.

पुढच्या हंगामात कॅमेरा घेऊन डोंगरावर मी गेले. मी पुण्याला परतले तेव्हा मॅडम नव्हत्या. झोपेत हृदय बंद पडलं. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते डोंगरावरून, फोनच्या पडद्यावर.

सकाळ होती, सूर्य चांगला वर आला होता. उष्णतेच्या प्रकाशात दिवस आणि रात्र यांत फारसा फरक पडत नाही, म्हणून उजाडल्यावरही आम्ही दुर्बीण चालू ठेवली होती. मी व्हिडिओ कॉल लावला. मॅडमनी फोन ओट्यावर कशाला तरी टेकवून ठेवला असावा. मला अर्धा फ्रिज, फरशा आणि मध्येच इकडून तिकडे जाणारी त्यांची बाही दिसत होती.

"हो, बोल. ऐकतेय."

"मॅडम, तारा मिळाला."

"ऊन आहे ना तिकडे?"

"आहे. तुम्ही म्हणायचात की दिवसाही..."

"म्हणायचे. ते नुसतं म्हणणं होतं. दाखव."

मी फोन संगणकाकडे वळवला. चित्राच्या मध्ये तारा होता आणि त्याच्याभोवती धुळीचं फिकट कडं. माझ्यामागे लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. पडद्यात मॅडमचा चेहरा एकदम मोठा झाला. चष्मा कपाळावर, भुवयांत कणकेचं बोट लागलेलं.

"तारा राहू दे. कोपरे दाखव."

मी खालचा डावा कोपरा मोठा केला.

"उजेड वाढव चित्राचा. अजून. अजून वाढव गं, घाबरतेस काय."

मी इतका वाढवला की चित्राचे नुसते दाणे दाणे झाले. कोर नव्हती. सगळीकडे सारखेच दाणे, रवा पसरावा तसे. तिकडे कुकरची शिट्टी झाली, त्यांनी मान न वळवता हात लांब करून गॅस बंद केला.

"आता दुसरा."

चारही कोपरे त्यांनी पाहिले. मग पुन्हा पहिला पाहिला.

"मॅडम, तारा बघा ना," मी म्हणाले.

"तारा काय, तो होताच." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा वर केला. "सपाट आहे गं. अगदी सपाट आहे."

एवढं बोलून त्या जागच्या हलल्या नाहीत. मला वाटलं नेटवर्क गेलं. पण मागचा पंखा फिरत होता.

"मॅडम?"

"ठेव आता. मला तुपेंना फोन करायचाय. ते आता वर्कशॉपला निघाले असतील, गाडी सुरू केल्यावर ऐकत नाहीत."

त्यांचं बोट पडद्याकडे आलं, काचेवर एकदा फिरलं, चुकलं, पिठाचा एक पट्टा उमटवून पुन्हा आलं, आणि फोन बंद झाला.